सरकत्या किनाऱ्याची माणसं : प्रस्तावना

मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायचे तेलाचे फलाट भर समुद्रात उभे आहेत. १९७४ साली तिथे तेल लागले, हे शाळेच्या पुस्तकात असते. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. या आकड्याशेजारी दुसरा एक आलेख ठेवून पाहण्यासारखा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांनी १९९५ मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यासाठी समुद्रपातळीचा जो आलेख मांडला, त्यानुसार साडेचौदा हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होते. साडेबारा हजार वर्षांपूर्वी ते उणे ८० मीटरपर्यंत चढले आणि पुढची अडीच हजार वर्षे तिथेच रेंगाळले. त्यानंतर, म्हणजे दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात, हजार वर्षांना वीस मीटर या वेगाने ते वर आले आणि जवळपास आजच्या पातळीला येऊन ठेपले.

याचा सरळ अर्थ असा की आज जिथे तेलाचे फलाट आहेत, त्याच्या आसपास दहा हजार वर्षांपूर्वी पुळण होती, खाड्या होत्या, नद्यांची मुखे होती. जिथे अन्न तिथे माणूस, हा नियम धरला तर माणसेही होती. पुढच्या तीन हजार वर्षांत समुद्र १६० किलोमीटर आत आला. सरासरी काढली तर वर्षाला पन्नासेक मीटर, एका पिढीत सव्वा किलोमीटर. सरासरी फसवी असते. समुद्रतळाला चढउतार आहेत, त्यामुळे एखाद्या टप्प्यावर किनारा चार पिढ्या हलला नसेल आणि एखाद्या सपाट पट्ट्यात आजोबांची शिंपले वेचायची जागा नातवाच्या हयातीत बुडाली असेल. प्रस्तुत संग्रह या माणसांविषयी आहे: शेती, गुरे, धातू आणि मडकी यांच्या आधीची, शिकार करून, मासे मारून, कंद खणून, कालवे फोडून जगणारी माणसे. त्यांच्या पायाखालचा किनारा सरकत होता, डोक्यावरचा पाऊस बदलत होता, आणि तरीही ती टिकली. कशी टिकली, हा या पुस्तकाचा प्रश्न.

समुद्रापासून इतक्या दूरच्या छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्राकाठच्या माणसांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण या विषयाचा एक धागा आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर सापडतो. पैठणच्या समोर, गोदावरीच्या पलीकडे, मुंगी हे गाव आहे. १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वाइन यांना तिथल्या नदीच्या जुन्या गाळात, नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या सोबतीने, अकीकाचा एक घडवलेला छिलका मिळाला. सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्यावर टिपण छापले. नदीच्या गाळात माणसाच्या हातची वस्तू आणि लुप्त झालेली जनावरे एकत्र सापडतात, म्हणजे माणूस आजच्याहून वेगळ्या हवामानात इथे वावरत होता, हे महाराष्ट्राच्या संदर्भात तिथे पहिल्यांदा लक्षात आले. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. तिच्या काठावरचे आणि सह्याद्रीपलीकडच्या खाडीकाठचे जगणे वेगळे, पण दोन्हींवर पाऊस त्याच समुद्रावरून येतो. तो पाऊस बिघडला की कोकणात काय होते आणि मराठवाड्यात काय होते, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. मात्र ते एकत्र मांडल्याशिवाय कुठल्याच एकाचे उत्तर पुरे होत नाही.

आधी ‘अचानक’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ, कारण या विषयातले निम्मे वाद त्यातून निघतात. भूवैज्ञानिकाला पाचशे वर्षे म्हणजे क्षण. आयुष्य चाळीस वर्षांचे असलेल्या माणसाला पाच वर्षांचा दुष्काळ म्हणजे युग. या पुस्तकात बदलाचे तीन वेग वाचकाला भेटतील. पहिला समुद्राचा: संथ, पण परत न फिरणारा. हिमयुग संपताना तोही कधी धावत असे. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी बर्फाचे प्रचंड थर वितळून जगभरची समुद्रपातळी काही शतकांतच पंधरा-वीस मीटर चढली. दुसरा वेग पावसाचा. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध पुन्हा गारठला. या कालखंडाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. ग्रीनलंडच्या बर्फातील नोंदींनुसार तो संपताना हवा काही दशकांतच पालटली. अरबी समुद्राच्या तळातील गाळ दाखवतो की उत्तरेकडे थंडी वाढली की आपला मोसमी पाऊस मंदावतो. ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतल्या हिमसरोवराचे पाणी अटलांटिकमध्ये ओतले गेले आणि दीडेकशे वर्षे असाच तडाखा बसला. तिसरा वेग एका दिवसाचा: ज्वालामुखी, सुनामी, वादळ. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याची राख भारतभर पडली. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आजही दिसतो, आणि तो टोबाचाच की त्याहून फार जुना, यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाद झाला. समुद्र हळूहळू आत येत असेल तर मुक्काम मागे घेता येतो. पाऊस दशकभर हटला तर खाणे बदलावे लागते. लाट एका दुपारी आली तर फक्त पळावे लागते. ‘जुळवून घेणे’ हा एकच शब्द या तिन्हींना लावला की गोंधळ सुरू होतो.

महाराष्ट्रातील या अभ्यासाची सुरुवात विद्यापीठात झाली नाही. १८७८ च्या सुमारास मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली झाडांचे बुंधे लागले, कित्येक मुळांसकट जागच्या जागी उभे. झाडे खैराची होती; म्हणजे कोरड्या जमिनीवर वाढणारी. ओहोटीच्या पाण्याच्याही खाली खैराचे रान उभे असावे, याचा अर्थ तिथे एकेकाळी जमीन होती आणि ती एकतर खचली किंवा समुद्र तिच्यावर चढला. आजही अभ्यासक या दोन्ही शक्यता विचारात घेतात. पुढे १९३० च्या दशकात टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीच्या परिसरात आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर हत्यारे वेचली. कांदिवलीच्या थरांवरचा त्याचा लेख १९३९ मध्ये आणि मुंबईच्या सूक्ष्मास्त्रांवरचा १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मास्त्रे म्हणजे अकीक, कॅल्सेडनी, चर्ट यांसारख्या दगडांच्या नखाएवढ्या पात्या, त्रिकोण, चंद्रकोरी. लाकडाच्या वा हाडाच्या दांड्यात ओळीने बसवून त्यांचे बाण, भाले, कोयते होत. आज उपनगरांनी झाकलेल्या त्या जागांपैकी बहुतेक आपल्याला टॉडच्या नोंदींतूनच माहीत आहेत.

विद्यापीठीय परंपरा उभी केली ती ह. धी. सांकलिया यांनी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून. १९४० च्या दशकात गुजरातेतील लांघणज येथे वाळूच्या टेकड्यांत त्यांनी शिकारी माणसांचे मुक्काम उकरले. तिथे माणसांचे सांगाडे मिळाले, सूक्ष्मास्त्रे मिळाली आणि गेंड्याच्या खांद्याचे हाडही मिळाले. आजच्या उत्तर गुजरातेत गेंडा अशक्य. म्हणजे त्या माणसांनी पाहिलेला प्रदेश अधिक ओला, अधिक गवताळ होता. १९४९ मध्ये लंडनहून आलेल्या झॉयनर यांनी त्या भागातील माती, वाळू आणि नदीचे थर वाचून हवामानाचा क्रम लावून दाखवला. गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यांत, नाशिकजवळच्या गंगापूरला आणि नेवाशाला, सांकलियांनी हीच रीत वापरली. त्यांच्या परंपरेतील शरद राजगुरू यांनी नद्यांचे गाळ वाचण्याची विद्या जन्मभर घडवली. विश्वास काळे यांच्यासह १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवले की हिमयुगाच्या उत्तरार्धात, पाऊस दुबळा असताना, दख्खनच्या नद्या गाळ साठवत राहिल्या आणि होलोसीनच्या, म्हणजे यंगर ड्रायसनंतर सुरू झालेल्या कालखंडाच्या, सुरुवातीला पाऊस जोर धरू लागला तशा त्याच गाळात खोल चिरत गेल्या. पैठणच्या वर-खाली गोदावरीच्या उभ्या दरडी आपण पाहतो, त्या या हवामानपालटाची नोंद आहेत.

किनाऱ्याबद्दल मात्र एक व्यवस्थित पुस्तक यायला १९८० साल उजाडले. स्टाटिरा गझदर यांनी कोकणातील प्राचीन पर्यावरण आणि अश्मयुगीन संस्कृतींचा अभ्यास मांडला: समुद्राच्या जुन्या पातळ्या, जांभ्याचे सडे म्हणजे कातळाचे उघडे माळ, पुळणीतला ‘करल’ म्हणजे शिंपले-वाळूचा घट्ट झालेला दगड, आणि त्यांच्या संदर्भात मिळणारी हत्यारे. पुढे अशोक मराठे यांनी गुहागरजवळच्या पालशेत परिसरातील सुसरोंडी गुहेत काम केले. कोकणात जांभा आम्लधर्मी, पाऊस प्रचंड. हाडे फारशी टिकत नाहीत. त्यामुळे तिथला अभ्यासक दगड आणि भूरूप यांवरच विसंबून असतो, आणि जुन्या लेखनातील सावधपणा त्यातून आला आहे.

घाटावरची एक जागा या संदर्भात फार महत्त्वाची आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे. कन्नडच्या पलीकडे, पितळखोऱ्याच्या डोंगराखाली, जळगाव जिल्ह्यातील पाटणे. भास्कराचार्यांच्या घराण्याच्या शिलालेखामुळे हे गाव अनेकांना ठाऊक असते. पुरातत्त्वज्ञ साळी यांनी १९७० च्या दशकात तिथे उत्खनन केले, तेव्हा पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे होते, त्यातल्या एकावर आडव्या-तिरक्या रेघांची कोरीव नक्षी, आणि त्याच कवचाचे मणीही. कर्ब-१४ पद्धतीने या कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे निघाले. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळाचा पक्षी. आजच्या गौताळ्याच्या रानात तो चरत होता म्हणजे ते रान तेव्हा रान नव्हते. याच थरांतून समुद्री शिंपल्याचा मणीही मिळाला आहे. पाटणे आजच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत आहे आणि तेव्हा समुद्र त्याहून कितीतरी दूर होता. तो शिंपला कुणीतरी हातोहात, मुक्कामामागून मुक्काम, घाट चढवून आणला होता. एका मण्यावर सिद्धांत उभा करू नये. पण किनारा आणि पठार यांच्यात ये-जा होती, ओळखी होत्या, देवघेव होती, एवढे तो नक्की सांगतो.

या ये-जेचा विचार सर्वांत धीटपणे केला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गणिताचा हा प्राध्यापक पश्चिम दख्खनच्या टेकड्यांवर पायी फिरून सूक्ष्मास्त्रे वेचत असे. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी असे सुचवले की सूक्ष्मास्त्रांच्या रांगा म्हणजे हंगामी फिरस्तीचे जुने रस्ते आहेत आणि तेच रस्ते पुढे धनगरांच्या कळपांनी, व्यापारी तांड्यांनी वापरले. मातृदेवतांची ठाणी त्यांच्याच चौफुल्यांवर वसली. तपशिलात त्यांना अनेकांनी खोडले. तरी स्थळांऐवजी वाटा वाचायच्या, हा त्यांचा आग्रह या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक लेखात कुठे ना कुठे जाणवेल.

आता मतप्रवाहांकडे वळू. ढोबळमानाने चार दिसतात. पहिला थर वाचणाऱ्यांचा: दगड, गाळ, वाळू यांवरून हवामान आणि हवामानावरून माणूस. या प्रवाहाने पाया घातला, पण त्यात माणूस बऱ्याचदा हवामानाचा ताबेदार होऊन बसतो. दुसरा पर्यावरण-संस्कृती संबंधांचा. इंग्लंडमध्ये ग्रॅहम क्लार्क, अमेरिकेत ज्युलियन स्ट्युअर्ड आणि नंतर लुईस बिनफर्ड यांनी तो रुजवला. आपल्याकडे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म. के. ढवळीकर. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात मोठे उत्खनन झाले. माणसे शेतकरी होती, काळ ताम्रपाषाणयुगाचा. पण प्रश्न आपलाच होता. इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास तिथली चौकोनी, प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढला. पाऊस कमी झाल्याने माणसे अर्धभटक्या जीवनाकडे वळली, अशी ढवळीकरांची मांडणी होती. ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारख्या पुस्तकांतून त्यांनी हे सारे मराठी वाचकापर्यंत पोचवले, हे त्यांचे वेगळे ऋण.

तिसरा प्रवाह शंका घेणाऱ्यांचा. हवामान हे कारणांपैकी एक. मातीचा कस जाणे, लोकसंख्येचा ताण, सत्तेचे आणि नात्यांचे बदल यांना बाजूला सारून पावसावर सगळे ढकलता येत नाही, असे तो म्हणतो. इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर काम करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात दाखवले की प्रश्न आकाशाकडे पाहून नव्हे, मुलांच्या हाडांत साठलेल्या उपासमारीच्या खुणांवरून विचारला तर उत्तर अधिक गुंतागुंतीचे निघते. चौथा प्रवाह प्रयोगशाळेचा. लोणार सरोवराच्या तळातील गाळाचा गाभा काढून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये होलोसीनमधल्या पावसाची सलग नोंद प्रसिद्ध केली. तीत सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ अवर्षणकाळ स्पष्ट दिसतो. मेघालयातील मावम्लूह गुहेच्या चुनखडीतही याच काळाच्या आसपासच्या दुष्काळाची खूण आहे, आणि २०१८ मध्ये जागतिक भूवैज्ञानिक संघटनेने तिच्यावरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या कालखंडाला ‘मेघालयन’ असे नाव दिले. अशा नोंदींमुळे ‘पूर्वी पाऊस जास्त होता’ या ढगळ वाक्याची जागा शतकांच्या हिशेबाने घेतली आहे. धोका एवढाच की नोंद जितकी बारीक, तितका तिच्याखाली कुठलीही पुरातत्त्वीय घटना चिकटवण्याचा मोह मोठा.

मोहाचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगून पुढे जाऊ. २००१-०२ मध्ये खंभातच्या आखातात बुडालेले प्राचीन शहर सापडल्याचे जाहीर झाले. वस्तू समुद्रतळावरून ओढून काढलेल्या होत्या, थरांचा संदर्भ नव्हता, आणि प्रवाहाने कुठूनही आलेल्या वस्तू तिथे साठू शकतात. त्यामुळे अनेक पुरातत्त्वज्ञांनी तो दावा मानला नाही. बुडालेला किनारा खरा आहे. बुडालेली नगरी हे वेगळे विधान, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. ही दोन विधाने या पुस्तकात कुठेही मिसळलेली नाहीत.

जगात इतरत्र या प्रश्नाची उत्तरे काय मिळाली आहेत? दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी पिनॅकल पॉइंटच्या गुहांत माणसे १,६४,००० वर्षांपूर्वी, थंड आणि कोरड्या काळात, शिंपले खाऊन राहत होती. आतल्या भागात शिकार दुर्मीळ झाली तेव्हा समुद्राने त्यांना तगवले, असे तिथल्या अभ्यासकांचे मत आहे. ब्रिटन आणि युरोप यांना जोडणारी डॉगरलँडची सखल जमीन हळूहळू बुडत गेली, आणि सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी नॉर्वेच्या समुद्रात कडा कोसळून उठलेल्या सुनामीने तिच्या उरल्यासुरल्या भागाला झोडपले. यॉर्कशायरच्या स्टार कार या तळ्याकाठच्या वसतीवरचे २०१८ चे संशोधन उलट टोकाचे आहे: तापमान अचानक काही अंशांनी घसरले, तरी तिथली माणसे तीच शिकार करत, तेच लाकडी ओटे बांधत राहिली. एकच धडा सगळीकडे लागू नाही. किनारा कुठे आश्रय होता, कुठे सापळा. म्हणूनच आपल्या किनाऱ्याचा प्रश्न बाहेरच्या उत्तराने सुटणार नाही.

आपल्याकडे या अभ्यासाला नवे वळण मिळाले ते कोकणातल्या सड्यांवर. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून, गुराखी आणि वयस्कर मंडळींना विचारून कातळशिल्पे शोधू लागले; आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही आठ आणि गोव्यातील फणसायमळ अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती तब्बल अठरा मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. या सड्यांवर वाघ, हरिण, मोर दिसतात. शार्क, पाकट, कासव दिसतात. आणि गेंडाही दिसतो, जो आज कोकणात नाही. समुद्राचे आणि रानाचे प्राणी एकाच कातळावर आणणारी ही माणसे दोन्हीकडे जगत होती, असे वाटणे साहजिक आहे. पण कातळात खोदलेल्या रेषेचे वय थेट मोजता येत नाही. शेजारी मिळालेली सूक्ष्मास्त्रे आणि प्राण्यांची निवड यांवरून अनेक अभ्यासक ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. हा अंदाज आहे, आणि या पुस्तकातील लेखकांनी तो अंदाज म्हणूनच वापरला आहे.

हे सगळे एकत्र पाहिले की माझ्यापुरते एक मत पक्के होते. आपण ज्यांना किनाऱ्याची माणसे म्हणतो, ती किनाऱ्याला चिकटून राहिली म्हणून टिकली नाहीत. एका जागेवर पैज न लावता खाडी, सडा, घाट आणि पठार या चारही ठिकाणी त्यांचा पाय होता, तिथल्या माणसांशी नाते होते, आणि कुठल्या महिन्यात कुठे काय मिळते याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेले होते. पाणी चढले तेव्हा मुक्काम हलला. पण ओळखीचा मुलूख संपला नाही. कातकरी, ठाकर, कोळी यांच्या आजच्या ज्ञानाचा आधार घेऊन हे समजून घेता येते, फक्त त्यांना अश्मयुगाचा उरलेला अवशेष समजण्याची जुनी चूक टाळून. त्यांचा स्वतःचा इतिहास आहे, जंगल कायद्यांचा आणि कर्जबाजारीपणाचाही.

या विषयाची आज गरज काय, हे वेगळे सांगायला नको, पण एक तुलना नीट करून घेतली पाहिजे. दहा हजार वर्षांपूर्वी समुद्र वर्षाला सुमारे २० मिलिमीटर चढत होता. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर होती, आणि वेग वाढतो आहे. आकडा पाहून कुणी म्हणेल, त्यांनी पाचपट वेग सोसला, मग आपण का घाबरावे? फरक वेगात नाही, सामानात आहे. त्यांच्या मुक्कामात दगडी पात्या आणि चामड्याची पिशवी होती. आपल्या किनाऱ्यावर मुंबईच्या गोद्या, रेल्वे, सातबारा आणि गहाणखते आहेत. आणि सरकायला मोकळा मुलूख नाही. मराठवाड्याला हे वेगळ्या रीतीने माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याने भरून धावलेली रेल्वे अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. दर दिवाळीनंतर बीड-जालन्यातून बिऱ्हाडे आजही ऊसतोडीला निघतात. ती हंगामी फिरस्तीच आहे. पण प्राचीन फिरस्ती स्वतःच्या ज्ञानावर आणि नात्यांवर चालत होती; ही उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर, चालते. स्थलांतराला ‘जुळवून घेणे’ म्हणून गौरवण्याआधी ते कुणाच्या अटीवर होते हे विचारले पाहिजे, आणि हा प्रश्न भूतकाळालाही लागू आहे.

दुसरे कारण अधिक तातडीचे. या अभ्यासाचा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे. सड्यांवर जांभ्याच्या खाणी, रस्ते आणि बागा होत आहेत. बारसूच्या सड्याचे नाव २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात देशभर गाजले. नदीच्या दरडी वाळूउपशाने ढासळतात, आणि त्यांच्याबरोबर हजारो वर्षांचे थर ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. मुंगीचा छिलका ज्या प्रकारच्या गाळात मिळाला, तो गाळ आता बांधकामाच्या भावाने विकला जातो.

या संग्रहाचा आवाका मर्यादित आहे. भारताच्या अश्मयुगाचा तो संपूर्ण इतिहास नाही, आणि प्रत्येक हत्याराचे वर्गीकरणही यात मिळणार नाही. समुद्रतळ, कोकणपट्टी, घाटमाथा आणि गोदावरी-तापीची खोरी या चार प्रदेशांतील पुरावा एकमेकांशी बोलता करणे, एवढेच त्याचे काम. काही लेखक भूवैज्ञानिक आहेत, काही पुरातत्त्वज्ञ, काही सड्यांवर हिंडणारे हौशी अभ्यासक. त्यांचे एकमत नाही, आणि संपादनात मतभेद घासून गुळगुळीत केलेले नाहीत. कातळशिल्पांचे वय काय, पाऊस नेमका कधी हटला, किनारा सोडून माणसे वर आली की वरचीच खाली उतरत राहिली, या प्रश्नांवर दोन लेख दोन उत्तरे देतात. वाचकाने त्यात निवड करावी, पण निवडीआधी प्रत्येक विधानाखाली पुरावा कसला आहे ते पाहावे: थरातली वस्तू, प्रयोगशाळेतला आकडा, की तुलनेवरून काढलेला अंदाज.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. संभाजीनगरच्या, नांदेडच्या, रत्नागिरीच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना अजूनही वाटते की प्रागैतिहास म्हणजे पुण्याच्या संस्थांचा किंवा परदेशी नियतकालिकांचा विषय. टॉड नोकरी सांभाळून हत्यारे वेचत होता, कोसंबी गणित शिकवत होते, कोकणातली बहुतेक कातळशिल्पे गावकऱ्यांच्या सांगण्यावरून उजेडात आली. नदीच्या दरडीत अकीकाची पाती दिसली तर ती खिशात घालू नका. जागा, खोली आणि थर यांची नोंद करा, फोटो काढा, आणि जाणकाराला दाखवा. थरातून सुटलेली पाती फक्त सुंदर दगड उरते. या पुस्तकाची पुढची आवृत्ती अशा नोंदींमुळे दुरुस्त करावी लागली, तर ते त्याचे यश ठरेल.

छत्रपती संभाजीनगर